खारी उठत नाही

शाळेत एक कुत्रं असावं, ही मागणी मिरजेच्या त्या शाळेत पहिल्यांदा केली शर्वाणी मगदूमने. तेव्हा ती सातवीत होती. मुख्याध्यापिका सबनीस बाईंच्या खोलीत जाऊन ती म्हणाली, "बाई, मागच्या गल्लीतल्या खारीला आपल्या शाळेची करून घ्या." बाई हसल्या. पोरगी बिस्किटाबद्दल बोलतेय असं त्यांना वाटलं.

खारी म्हणजे गल्लीतली कुत्री. अंगाचा रंग भट्टीतून नुकत्याच निघालेल्या खारीसारखा, एक कान ताठ, दुसरा मुडपलेला. शाळा भरायच्या वेळेला ती फाटकाशी येऊन बसायची. जे मूल रडत यायचं नेमकं त्याच्याच मागोमाग पायरीपर्यंत जायची, त्याच्या गुडघ्याला नाक लावून थांबायची आणि मूल सावरलं की उठून आपल्या वाटेने निघून जायची. हे सगळ्यांत आधी शर्वाणीने पाहिलं, कारण रडत येणारं मूल बहुतेक वेळा तिची धाकटी बहीणच असायची.

मिहिका सहा वर्षांची असताना कृष्णेला पूर आला. बचाव करणारी बोट कलंडली. मिहिकाला लगेच वर काढलं, पण जिचा हात धरून ती बसली होती ती मावशी सापडली नाही. तेव्हापासून मिहिका घरात बोलायची, घराबाहेर नाही. वर्गात हजेरी घेताना तिच्या नावाला कुणीतरी शेजारची मुलगी ‘हजर’ म्हणायची.

शर्वाणीला साथ मिळाली ती वर्गातल्या आयान मुजावरची. आयानला लहानपणापासून दमा होता. धावता येत नसे, पण भांडता चांगलं यायचं. दोघांनी मिळून प्राणीमित्र गट काढला. पशुवैद्य डॉ. कुडचे मॅडमना बोलावून गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेतली. सह्या गोळा केल्या, मैदानावर पथनाट्य केलं. ‘चावलं म्हणजे कोण जबाबदार?’ असं विचारणाऱ्या पालकांना दारोदार जाऊन उत्तरं दिली. त्यांनी पुठ्ठ्यावर रंगवलेल्या जाहीरनाम्यातलं पहिलं कलम आयानचं होतं: कुत्र्याला वाटेल तेव्हा वर्गातून उठून जाता आलं पाहिजे. ते त्याला डॉ. कुडचेंनी समजावलं होतं. "जनावर आपणहून थांबलं तर ती सोबत," त्या म्हणाल्या होत्या. "बसवून ठेवलं तर ती वेठ."

दोघं नववीत गेल्यावर परवानगी आली, पण खारीबरोबर एक यंत्रही आलं.

पुण्याच्या ‘सहृद’ नावाच्या कंपनीला प्रयोगासाठी शाळा हवी होती. कंपनीचे कारखानीस नावाचे गृहस्थ आले. सभागृहात मुलांपुढे त्यांनी खारीच्या गळ्यात काळा पट्टा बांधला, छातीवरून दुसरा.

"तुम्ही घाबरलात की तुमच्या घामाचा वास बदलतो," ते म्हणाले. "तुम्हाला तो कळत नाही, पण कुत्र्याला खोलीच्या त्या टोकाला कळतो. आणि गंमत अशी, की तो वास आला की कुत्र्याचंही हृदय धडधडायला लागतं. तुमची भीती त्याला लागते, सर्दी लागावी तशी. म्हणून साधं कुत्रं वर्गात थोडा वेळ बसतं आणि कंटाळून उठून जातं."

मग त्यांनी पट्ट्याबद्दल सांगितलं. मानेतून एक नस हृदयाकडे उतरते. ‘सावकाश चाल’ असा निरोप हृदयाला पोचवणं हे तिचं काम. गळ्यातला पट्टा कातडीवरून त्या नसेला विजेचे अगदी बारीक स्पंद देत राहतो. मग समोर कितीही घाबरलेलं मूल असो, कुत्र्याचं हृदय संथच चालतं. छातीवरचा पट्टा ते ठोके टिपतो आणि प्रत्येक मुलाच्या मनगटातल्या कड्याला पाठवतो. कडं तेच ठोके कातडीवर उमटवतं, कुणी बोटाने हलकेच टकटक करावं तसे.

"दोन माणसं बरोबर चालायला लागली की पावलं आपोआप जुळतात ना? शरीराला लय उचलायची सवयच असते. आधी तुमचा श्वास खारीशी जुळेल, मग हृदय. झालं."

आयानने हात वर केला. "आणि तिला उठून जायचं असेल तर?"

"दार उघडंच असेल की," कारखानीस हसून म्हणाले. "ती जाते का बघ."

पाचवीच्या, म्हणजे मिहिकाच्या वर्गात, फळ्याखाली, खारीसाठी सतरंजी घातली. दार खरोखरच उघडं राहिलं. खारी कधी उठली नाही. मधल्या सुट्टीत पट्टे काढून तिला मागच्या अंगणात नेत, खायला घालत आणि परत आणून पट्टे बांधत. पट्टा गळ्यात पडला की ती पुढचे दोन्ही पंजे जुळवून बसायची, ते शाळा सुटेपर्यंत. केवढा जीव लावलाय हिने पोरांना, असं सगळे म्हणायचे.

एके दिवशी वर्गशिक्षिकेने शर्वाणीच्या आईला फोन केला. आई सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, वॉर्डात औषधं वाटत होती. "मगदूम सिस्टर, तुमची मिहिका आज स्वतः हजर म्हणाली." आईने औषधांचा ट्रे खिडकीत ठेवला आणि तिथेच खाली बसली.

त्यानंतर मिहिका बोलायलाच लागली. कविता म्हणायला लागली, दुकानात जाऊन शेंगदाणे मागायला लागली, शेजारच्या काकूंना पत्ता सांगायला लागली. आवाज मात्र एका पट्टीतला, न चढणारा, न उतरणारा. घरच्यांना तेवढ्यात काही वावगं वाटलं नाही. दिवाळीनंतर शिक्षकांनीही स्वतःसाठी कडी मागून घेतली. शाळेत भांडणं थांबली. परीक्षेच्या दिवशी उलट्या करणारी मुलं शांतपणे पेपर लिहायला लागली.

आयानला तेवढं कडं चालेना. त्याची छाती त्या संथ लयीत श्वास घेऊ शकत नव्हती, जीव गुदमरायचा. त्याच्या अब्बांनी ते परत करून टाकलं.

"उद्या प्रार्थनेला कडं काढून माझ्याशेजारी उभी राहा," एकदा त्याने शर्वाणीला सांगितलं. "पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत."

"का?"

"तू बघ तर."

ती उभी राहिली. प्रार्थना संपल्यावर मौनाची वेळ आली. खाली मैदानभर पांढरे सदरे होते आणि ते सगळे एकदम वर झाले, एकदम खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. शेकडो खांदे, पोरांचे आणि शिक्षकांचे. कान दिला तर आवाजही ऐकू येत होता, मोठं काहीतरी झोपलेलं असावं तसा. शर्वाणीने कठडा घट्ट धरला.

"आता समज, खारीचं हृदय उद्या थांबलं," आयान हळूच म्हणाला.

"गप की रे."

त्याच आठवड्यात थोरवत सरांचं प्रकरण झालं. सर पाचवीवर चित्रकलेच्या तासाला गेले. दारात पाऊल टाकलं आणि खारीने मान उचलून त्यांच्याकडे पाहिलं. वर्गातल्या सगळ्या मुलांनी मान उचलली. मग एकेक जण उठलं. कुणी काही बोललं नाही. मुलं सरांभोवती येऊन त्यांच्या पायांना, पोटाला अंग टेकून उभी राहिली. सर आधी हसले, मग ‘बसा रे’ म्हणाले, मग ओरडले. कुणी हललं नाही. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी येऊन मुलांना बाजूला केलं तेव्हा सर घामाने निथळत होते. पुढे तपासण्या झाल्या आणि त्यांच्या यकृतात गाठ निघाली.

शिक्षकखोलीत या गोष्टीचं फार कौतुक झालं. वेळेत कळलं, म्हणाले. शर्वाणीने घरी मिहिकाला विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं गं, सरांजवळ जा म्हणून?"

"कुणीच नाही," मिहिका भात कालवत म्हणाली. "कड्याचा हात जड झाला."

त्यानंतर शर्वाणी खारीकडे नीट बघायला लागली. खारी बसायची तिथली फरशी ओली असायची. सतरंजीच्या पुढे, पंजे टेकायचे तिथे, दोन ओले ठसे. पुसले तरी थोड्या वेळात पुन्हा. तिने त्याचा फोटो डॉ. कुडचेंना दाखवला.

"कुत्र्याला घाम पंजांतून येतो," डॉक्टर म्हणाल्या. "ऊन असलं तर, नाहीतर भीती वाटली तर. वर्गात ऊन येतं?"

"नाही."

एका शनिवारी शाळा सुटल्यावर डॉ. कुडचे शाळेत आल्या. सबनीस बाईंच्या देखत त्यांनी आधी छातीवरचा आणि मग खारीच्या गळ्यातला पट्टा सोडला. खारी क्षणभर तशीच बसली. मग तिचं सगळं अंग कापायला लागलं. ती सरपटत बाकाखाली गेली, भिंतीला पाठ लावली आणि लघवी करून बसली. डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. शर्वाणीने हात पुढे केला तसे तिने दात दाखवले. या कुत्रीने आजवर कुणाला दात दाखवले नव्हते.

"सहृदच्या तक्त्यात तर तिचं हृदय उत्तम आहे," बाई चाचरत म्हणाल्या.

"हृदय शांत ठेवलंय, बाई. कुत्रं शांत नाहीये. तिला सगळ्या पोरांची भीती वास येऊन कळतेय, पळून जावंसं वाटतंय आणि शरीर उठत नाहीये. रोज मधल्या सुट्टीतही तिचे पंजे कापत असणार. कुणी बघितलंय का?"

कुणी बघितलं नव्हतं. बाईंनी कंपनीला कळवलं, कंपनीने पट्ट्याची ताकद थोडी कमी करतो म्हटलं. आयान शर्वाणीला म्हणाला, "चल, आता फलक रंगवू. पहिलं कलमच मोडलंय. पट्टा काढा म्हणायचं."

शर्वाणी मनगटातलं कडं फिरवत राहिली.

"काय गं?"

"मिही बोलायला लागलीय, आयान."

"म्हणून?"

"तुला काय जातंय म्हणायला? तुझ्या घरात कुणी मुकं बसलेलं नाहीये."

आयानने हातातला पुठ्ठा खाली ठेवला. मग दप्तर उचलून निघून गेला. ते दोघं पुढे बरेच दिवस बोलले नाहीत. शर्वाणी रोज सकाळी कडं घालायची आणि थोड्या वेळाने तिला त्याचंही काही वाटेनासं व्हायचं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी संगणक खोलीतल्या बॅटऱ्यांनी पेट घेतला. गच्चीवरच्या सौर पॅनेलची वीज त्या बॅटऱ्यांत साठायची. ती खोली पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून होती आणि वर जाणारा जिना तेवढाच एक होता. सबनीस बाई त्या दिवशी बैठकीसाठी सांगलीला गेल्या होत्या.

भोंगा वाजायला लागला तेव्हा दुसऱ्या मजल्यावर नववीच्या वर्गात भूगोल चालला होता. सर फळ्यावर नकाशा काढत होते. ते काढत राहिले. दाराच्या फटीतून काळा, कडवट धूर आत आला आणि फरशीवर पसरला. शर्वाणीने तो पाहिला. धूर येतोय, तिच्या मनात आलं. संध्याकाळ झाली, असं मनात यावं तसं. जिना पेटला तर खाली जाता येणार नाही, हेही तिला स्पष्ट समजत होतं. मनगटावर टकटक, टकटक होत होतं. तिने वहीत नकाशाला निळा रंग भरायला घेतला.

कुणीतरी तिचा हात पिरगाळला. आयान होता. खोकून खोकून त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने कंपासपेटीतल्या कात्रीने तिचं रबरी कडं कापलं आणि दंडाला धरून तिला बाहेर ओढलं. वर्गातल्या एकानेही वळून पाहिलं नाही.

"आग लागलीय, शर्वाणी! आग! कुणी उठतच नाहीये! सरांना हलवलं, ते म्हणतात बस खाली!"

आधी तिला काहीच वाटलं नाही. व्हरांड्याच्या मधोमध ती नुसती उभी राहिली. मग भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच कानात शिरला. व्हरांड्यातल्या सगळ्या खिडक्यांतून तिला मुलं दिसत होती. रांगेने बसलेली, धुरात, श्वास घेत असलेली.

"मिही," ती म्हणाली आणि धावली.

पाचवीचा वर्ग त्याच मजल्यावर, टोकाला होता. बाई गोष्ट वाचून दाखवत होत्या. मिहिका दुसऱ्या बाकावर हाताची घडी घालून बसली होती, चेहरा अगदी प्रसन्न. फळ्याखाली खारी पंजे जुळवून बसली होती. तिचं तोंड उघडं होतं, लाळ गळत होती, डोळे दाराकडे लागलेले. फरशीवर पाण्याचं थारोळं झालं होतं. ती उठत नव्हती.

शर्वाणीने गळ्यातल्या पट्ट्याला हात घातला.

"थांब!" आयान दाराला टेकून म्हणाला. त्याला धाप लागली होती. "तो काढलास तर तिची भीती सगळ्यांना एकदम जाईल. छातीवरचा पट्टा चालूच आहे. जिना एकच आहे, शर्वाणी. चेंगरतील."

"मग छातीवरचाही काढते."

"कडी शेवटचेच ठोके देत राहतात. बसलेली बसून राहतील. किती जणांना ओढशील?"

धूर आता खिडकीच्या उंचीपर्यंत आला होता. शर्वाणीने खारीचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "खारी," ती तिच्या मुडपलेल्या कानात म्हणाली, "बाई, सावकाश चल गं." आणि तिने पट्टा सोडला.

सगळी इमारत किंचाळली. वरच्या वर्गांतून, खालच्या वर्गांतून, शिक्षकखोलीतून, एकाच क्षणी, एकाच आवाजात. बाईंच्या हातातलं पुस्तक पडलं. मिहिका बाकावर उभी राहून ओरडत होती. खारी उसळून उठली आणि दारापाशी पोचली. तिला कुणी धरलं नव्हतं, समोर व्हरांडा मोकळा होता.

ती उंबऱ्यात थांबली आणि वळली. तिने मुलांकडे पाहिलं. शर्वाणीने जाऊन छातीच्या पट्ट्यात नुसती दोन बोटं अडकवली. ओढलं नाही. बोटांखाली खारीचं काळीज धडधडत होतं. मग खारी पोट खाली घालून, भिंतीच्या कडेने, एकेक पाऊल टाकत जिन्याकडे चालायला लागली. मागे पाचवी निघाली. मग सहावी, मग नववी. ओरडणं थांबलं होतं. पायऱ्यांवर पावलांचा तेवढा आवाज होता, कुत्रीच्या चालीने उतरणारा.

तरी वळणावर रेटारेटी झाली. एका मुलाचा हात मोडला, काही जण पडले. आयान शेवटी राहिला आणि पहिल्या मजल्यावर कोसळला. व्यायामाच्या सरांनी त्याला खांद्यावर टाकून आणलं. पण सगळे खाली आले. आणि खाली येऊन मैदानावर सगळे रडायला लागले. पालक धावत आले, अग्निशामक दलाने आग विझवली, संध्याकाळ झाली, तरी मुलं रडत होती. कुणी म्हणत होतं माझा पाळलेला उंदीर मेला होता, कुणी म्हणत होतं बाबांनी आईला मारलं होतं. कित्येक महिन्यांचं रडणं होतं ते.

मिहिका रडली नाही. ती गप्प झाली, पूर्वीसारखी.

आयान दवाखान्यात शर्वाणीच्या आईच्याच वॉर्डात होता. शर्वाणी तिथे गेली तेव्हा त्याच्या नाकाला नळी होती. ती पलंगाच्या कडेला बसली. "मी तेव्हाच फलक रंगवायला हवे होते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. त्याने हात हलवून तिला गप्प केलं आणि कागद मागून त्यावर लिहिलं: खारी जेवली का?

पंधरवड्याने पालकसभा झाली. शर्वाणीला वाटलं होतं, लोक कंपनीवर चिडलेले असतील. पण एक आई उठली आणि म्हणाली, "माझा मुलगा झोपेत ओरडतोय हो. आधी असं नव्हतं. पट्टा परत लावा." टाळ्या पडल्या. दुसरे एक वडील म्हणाले, पोरगा पुन्हा शाळेत यायला तयार नाही. शर्वाणी उभी राहिली. पंजांच्या ओल्या ठशांबद्दल बोलली, धुरात निळा रंग भरत बसलेल्या स्वतःबद्दल बोलली. "आमची भीती गेली नव्हती," ती म्हणाली. "ती सगळी एकट्या खारीत भरून ठेवली होती." समोरच्या रांगेत तिची आई मिहिकाला मांडीवर घेऊन बसली होती. आईने मान खाली घातली होती.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "तू बरोबर बोललीस. आता मिहीचं काय करू ते मला सांग."

उत्तर होतं ते कंपनीकडे. कारखानीस पुढच्या सभेला आले आणि अगदी अदबीने म्हणाले, "या विद्यार्थिनीचं म्हणणं आम्हाला पूर्ण मान्य आहे. मुक्या जनावराला त्रास व्हायला नको. म्हणून आता कुत्रं लागणारच नाही." खारीचे महिनोन्‌महिन्यांचे संथ ठोके त्यांच्याकडे साठवलेले होते. तेच कड्यातून उमटत राहतील. भोंगा वाजला की कडी आपोआप बंद पडतील. सगळं सुरक्षित. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात शर्वाणी आणि आयानचा फोटो छापून आला. वर लिहिलं होतं: विद्यार्थ्यांच्या लढ्याला यश, श्वानाची सुटका.

"आपण जिंकलो का गं?" आयानने विचारलं. तो आता घरी आला होता, पण जिना चढताना थांबायचा.

"खारी सुटली," शर्वाणी म्हणाली.

खारीला मगदूमांनी घरी आणलं होतं. ती सुधारत होती. अंगणात ऊन खात पडायची, मांजरावर भुंकायची, मनात आलं की फाटकाखालून बाहेर जायची आणि भुकेच्या वेळेला परत यायची. तिच्या पंजांचे ठसे कोरडे झाले होते.

जूनमध्ये शाळा भरली आणि नवीन कडी आली. मिहिकाला घालायचं की नाही, यावर घरात फार वाद झाला नाही. आईने घातलं. शर्वाणीने अडवलं नाही. पहिल्याच दिवशी मिहिका शाळेतून आली आणि फाटकातूनच म्हणाली, "आई, आज मी कविता म्हटली." तोच आवाज, न चढणारा, न उतरणारा. आई स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली.

खारी पेरूच्या झाडाखाली पडली होती. शेपटी हलवत ती मिहिकाकडे आली. मिहिकाने तिला कुरवाळायला हात पुढे केला. खारीने मनगट हुंगलं, मग कान टवकारून कड्यापाशी नाक नेलं.

तिची शेपटी थांबली. ती तिथेच खाली बसली आणि पुढचे दोन्ही पंजे जुळवले.

"खारी?" शर्वाणी म्हणाली. "ए खारी, ये इकडे."

खारी हलली नाही. गळ्यात पट्टा नव्हता, अंगाला कुठलीही तार नव्हती. नजर समोर लावून ती बसली होती. तिच्या पुढच्या फरशीवर हळूहळू दोन ओले ठसे उमटत होते. आईने पोळीचा तुकडा पुढे केला. शर्वाणीने तिच्या पोटाखाली हात घालून उचलायचा प्रयत्न केला. अंग दगडासारखं जड झालं होतं.

मिहिका बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण डोळे त्या ठशांवर खिळले होते. कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली, संथ श्वास घेत. मग तिने दुसऱ्या हाताने कड्याची कळ चाचपडली. पहिल्यांदा ती तिला दाबता आली नाही.

"मिही, राहू दे," आई म्हणाली. "बाळा, राहू दे ते."

मिहिकाने आईकडे पाहिलं. "आई," ती त्याच शांत आवाजात म्हणाली, "हिला भीती वाटतेय. मला आठवतंय, भीती कशी असते ते." आणि तिने कडं काढून अंगणाच्या पलीकडे भिरकावलं.

थोड्या वेळाने खारीने मान हलवली. अंग झटकलं. उठली आणि कुणाकडेही न बघता फाटकाखालून गल्लीत निघून गेली. त्यानंतर मिहिकाची हनुवटी थरथरायला लागली. तिने तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. आईने तिला पोटाशी धरलं. त्या संध्याकाळी मिहिका मावशीसाठी रडली, पुरानंतर पहिल्यांदाच.

सकाळी तिला शाळेत सोडायला शर्वाणी गेली. पाचवीतली मुलं आता सहावीत आली होती. वर्ग स्वच्छ होता, भिंतीला नवा रंग दिला होता. बाई हजेरी घेत होत्या. मिहिकाने शर्वाणीचं बोट धरलेलं होतं. तिचा हात गार पडला होता आणि श्वास भराभर चालला होता. ती दारात आली तशी हजेरी थांबली. वर्गातल्या सगळ्या माना एकदम वळल्या. बाईंचीही. सगळे प्रसन्न चेहऱ्याने तिच्याकडे बघत राहिले.

"घरी जाऊया का?" शर्वाणीने खाली वाकून विचारलं.

मिहिकाने मानेने नाही म्हटलं. बोट सोडलं आणि ती बाकांच्या मधून आपल्या जागेकडे चालत गेली. बसली. दप्तर मांडीवर घेऊन तिने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बाईंनी तिचं नाव पुकारलं. ती काही बोलली नाही, शेजारचीही नाही. बाईंनी पुन्हा पुकारलं. मिहिकाने हात वर केला आणि तो बराच वेळ तसाच वर धरून ठेवला. त्या सगळ्या वर्गात तेवढी ती एकटीच घाबरलेली होती.